ज्या डबीवर नाव नाही, ती घरात नको

बीड जिल्ह्यातील गावांत 'औषध' हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. आजोबांची रक्तदाबाची गोळी हे औषध आणि कापसावर फवारायचे कीटकनाशक हेही औषधच. 'आज औषध मारायला शेतात गेलेत' या वाक्याचा अर्थ मोठ्यांना बरोबर कळतो. परंतु चार वर्षांच्या नातवाला तो कळत नाही, आणि मोतीबिंदूमुळे अंधूक दिसणाऱ्या आजीला रात्री कोनाड्यातील दोन बाटल्यांमधला भेद उमगेलच असे नाही. घरातील रसायनांपासून होणाऱ्या अनेक अपायांचे मूळ येथेच आहे. वस्तू घातक असते, पण ती नेमकी काय आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक नसते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न ज्येष्ठांच्या वाट्याला अधिक येतो, त्यालाही कारण आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुलगा आणि सून हंगाम संपेपर्यंत फडावर असतात, आणि मागे घर, जनावरे व शाळकरी नातवंडे सांभाळायला आजी-आजोबा उरतात. ज्यांची काळजी घ्यायची त्या वयात ते स्वतःच काळजीवाहक झालेले असतात. अशा वेळी घरातील प्रत्येक डबी, पुडी आणि बाटली यांचा हिशेब त्यांच्यापाशी असणे अगत्याचे ठरते.

वाढत्या वयाबरोबर शरीराची सहनशक्तीही बदलते. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता हळूहळू घटते. त्वचा पातळ आणि कोरडी होते. दम्याच्या किंवा जुन्या खोकल्याच्या रुग्णाला थोडा धूरही सोसत नाही. तरुणपणी निभावून गेलेली वस्तू उतारवयात निभावेलच, असे धरून चालता येत नाही.

गोरेपणाचे क्रीम आणि मूत्रपिंड

आपल्याच राज्यातील एक घटना पाहा. अकोल्यातील जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका तरुणीने स्थानिक ब्युटी पार्लरमधून आणलेले गोरेपणाचे क्रीम वापरायला सुरुवात केली. तिची कांती उजळलेली पाहून आई आणि बहीण यांनीही तेच क्रीम लावले. २०२२ सालच्या आरंभी या तिघींच्याही मूत्रपिंडांतील सूक्ष्म गाळण्यांना सूज आल्याचे निदान झाले. एकाच घरातील तिघींना एकाच वेळी हा विकार का जडावा, या प्रश्नाचा मागोवा घेताना मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांचा संशय त्या क्रीमवर आला. प्रयोगशाळेत तपासणी झाली तेव्हा त्यात पारा आढळला.

ही घटना एकटी नाही. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील अशाच एका मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विशिष्ट, एरवी विरळ आढळणारा प्रकार होता, आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. दिलासा देणारी गोष्ट अशी की, क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा विकार मागे हटला. म्हणजे कारण वेळेवर ओळखले, तर हानी थांबवता येते.

पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून वर्ण उजळल्याचा भास होतो. परंतु तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठत जातो. त्याचा त्रास लावणाऱ्या व्यक्तीपुरता राहत नाही. टॉवेल, उशीची खोळ आणि हात यांवाटे तो घरातील लहान मुलांपर्यंतही पोहोचतो.

आपण म्हणाल, या वयात गोरेपणाचे क्रीम कोण लावते? परंतु गालावरचे वांग आणि हातावरचे काळे डाग जावेत म्हणून आठवडी बाजारातून किंवा ओळखीच्या बाईकडून आणलेली डबी कित्येक ज्येष्ठ स्त्रियांच्या कपाटात असते. भारतात सौंदर्यप्रसाधनांविषयीचे २०२० सालचे नियम लागू आहेत. त्यांनुसार, डोळ्यांच्या भागासाठीच्या वस्तू वगळता, इतर कोणत्याही प्रसाधनात नकळत राहून गेलेला पारासुद्धा एका किलोमागे एक मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. अडचण अशी की, ज्या डबीवर उत्पादकाचे नावच नाही, तिला नियम कसा लावणार?

म्हणून खरेदी करताना डबीवर पाच गोष्टी शोधाव्यात: उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि घटकांची यादी. परदेशी वस्तू असेल, तर आयात करणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. अक्षरे बारीक असतात, तेव्हा मोबाईलने छायाचित्र काढून ते मोठे करून पाहावे किंवा शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्यावे. 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराईड', 'कॅलोमेल' यांपैकी एकही शब्द दिसला, तर ती डबी घेऊ नये. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना क्रीमवर दिसली, तरी सावध व्हावे. पारा सोन्याशी चटकन संयोग पावतो, म्हणून अशी सूचना लिहिलेली असते.

दुसरा धोका स्टेरॉईडयुक्त मलमांचा. खाज आणि डाग यांवर ती आरंभी गुणकारी वाटतात. पण महिनोन् महिने चेहऱ्यावर लावल्यास त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल रेषा उमटतात आणि सोडताच त्रास उसळतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास बंदी केली. शेजारणीला लागू पडलेले मलम आपल्यालाही लागू पडेल, हा विचार सोडून द्यावा.

अशी एखादी डबी आपण वापरत असाल, तर ती आजच बंद करा, पण फेकू नका. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी पावलांवर सूज दिसणे, रक्तदाब अकस्मात वाढणे, यांपैकी काही आढळल्यास डबीसह डॉक्टरांकडे जावे. लघवीतील प्रथिनांची तपासणी साधी आणि कमी खर्चाची असते. बहुतेक वेळा पहिली खूण तिच्यातच सापडते.

केस काळे करावे, पण पाहून

केस काळे करावेसे वाटणे यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र कायमस्वरूपी काळ्या रंगात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते, आणि ते काहींच्या त्वचेला मुळीच सोसत नाही. ही ॲलर्जी वर्षानुवर्षे सुखरूप वापरल्यानंतरही अचानक उद्भवू शकते. टाळूला आग होणे, कानांमागे पाणी सुटणे, पापण्या सुजणे या तिच्या खुणा. अशा रंगाच्या पाकिटावर 'आधी थोड्या त्वचेवर चाचणी घ्या' आणि 'भुवयांना व पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकते' असा इशारा स्थानिक भाषेतही छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चाचणी म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून दोन दिवस वाट पाहणे. खाज किंवा लाली आली, तर तो रंग आपल्यासाठी नाही.

मेंदीविषयीही एक खूण ध्यानात ठेवावी. शुद्ध मेंदी तांबूस रंग देते आणि त्यासाठी काही तास लागतात. जी 'काळी मेंदी' अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देते, तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेले असते. लग्नसराईत नातींच्या हातांवर ती काढू देऊ नये. त्या वयात एकदा जडलेली ॲलर्जी आयुष्यभर साथ सोडत नाही. आणि केसांचा रंग पोटात गेल्यास गळा सुजून श्वास कोंडतो, म्हणून त्याची पाकिटे कुलपातच असावीत.

कपाळ आणि डोळे

कपाळावर टिकली लावते तेथेच पांढरा डाग पडला, तर अनेक स्त्रिया तो कोड समजून मनातल्या मनात झुरतात. पुष्कळदा दोष टिकलीच्या डिंकातील एका रसायनाचा असतो. ते त्वचेतील रंगपेशींना मारते. डाग दिसताच टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. लवकर थांबल्यास रंग परतण्याची आशा अधिक असते. पूर्वी कुंकू हळदीला चुना किंवा सवागीसारख्या वस्तू लावून केले जाई. आज सुट्या मिळणाऱ्या लालभडक पुडीत कोणता कृत्रिम रंग आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. देवाला वाहिलेले कुंकू लहान मुलांच्या तोंडी जाणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.

सुरम्याच्या बाबतीत सावधगिरी आणखी हवी. पारंपरिक सुरमा अनेकदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो. मूल डोळे चोळते, बोट तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. वाढत्या मेंदूला शिशाची अल्प मात्राही बाधते. तान्ह्याच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा घालू नये, असा सल्ला डॉक्टर देतात तो याचसाठी. दृष्टीच काढायची, तर तिटेचा ठिपका तळपायाला लावला तरी रीत पाळल्याचे समाधान मिळते.

मोरी, संडास आणि कपाट

संडास स्वच्छ करण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर ही दोन्ही एकत्र कधीही वापरू नयेत. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद संडासात दोन-चार श्वासांतच छाती भरून येते, आणि दम्याच्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. एका वेळी एकच वस्तू, दार उघडे आणि नंतर भरपूर पाणी, एवढे पथ्य पुरे आहे. सुटे ॲसिड विकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निर्बंध घातले, तरी ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून घरी येतेच. तहानेने उठलेल्या माणसाचा हात अंधारात त्याच बाटलीवर पडतो. फिनाईलचेही तसेच. त्याचे पांढरे दुधाळ पाणी मुलांना दुधासारखे दिसते.

कपड्यांत ठेवायच्या डांबरगोळ्या बाळाच्या दुपट्यांत आणि गोधड्यांत ठेवू नयेत. काही बालकांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या रक्तपेशी डांबरगोळ्यांच्या संपर्काने फुटू लागतात आणि कावीळ वाढते. पेटीतून काढलेले कपडे धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच बाळाला घालावेत.

डासांच्या कॉइलविषयीचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात. दमेकरी आजोबांच्या उशाशी, खिडक्या लावून, रात्रभर कॉइल जाळणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून यावी. मच्छरदाणी हा जुना उपाय आजही सर्वांत निर्धोक आहे.

धान्याची कोठी आणि फवारणीचा पंप

ज्वारी-गव्हाला कीड लागू नये म्हणून काही घरांत तीव्र वासाच्या गोळ्या ठेवतात. त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. कोठीच्या खोलीत किंवा तिला लागून झोपलेल्या माणसाला आधी मळमळ, उलट्या, छातीत जडपणा जाणवतो आणि घरचे अन्न बाधले असे समजून वेळ दवडला जातो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा उग्र वास आला, तर सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे. या गोळ्या कोणालाही विकण्याची कायद्याने मुभा नाही. त्या प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच वापरायच्या असतात. पारदाच्या टिकड्या वापरत असाल, तर त्या मोजून ठेवाव्यात आणि दळणाआधी मोजूनच काढाव्यात. त्यांच्या नावातच पारा आहे. धान्य कडक उन्हात वाळवणे, कोठी कोरडी करणे आणि कडुनिंबाचा पाला घालणे ही आपल्या पिढीने जन्मभर केलेली कामे आहेत. ती पुढच्या पिढीला शिकवावीत.

फवारणीच्या विषाचा तडाखा यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली अनुभवला. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बीडही कापसाचाच जिल्हा आहे. फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळे धुवावेत आणि धुणाऱ्या आजीने हातमोजे घालावेत. रिकामा डबा कितीही घासला, तरी त्यात तेल, पाणी किंवा धान्य भरू नये. तो भोके पाडून निकामी करावा, आणि विहिरीत वा नाल्यात टाकू नये.

घरगुती म्हणजे निर्धोक नव्हे

इतके वाचल्यावर 'आमचे जुने घरगुती उपायच बरे' असे वाटणे स्वाभाविक आहे. पुष्कळ अंशी ते खरेही आहे. तरी त्यातही पारख हवी. बालाघाटाच्या डोंगररांगांतील सीताफळ हे बीडचे भूषण. त्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. याच फळाच्या बिया वाटून उवा मारण्यासाठी डोक्याला लावण्याची रीत गावोगाव आहे. ही भुकटी उवांना मारते, कारण ती विषारी असते. न्हाताना तिचा ओघळ डोळ्यांत गेला, तर बुबुळाचा पडदा सोलवटून निघतो. असह्य वेदना होतात आणि डोळे उघडवत नाहीत. अशा रुग्णांची नोंद नेत्रवैद्यकात झालेली आहे. उवांसाठी बारीक दातांची फणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध हेच उचित.

एका दुपारचे काम

मुलगा-सून घरी असताना एक दुपार राखून ठेवावी आणि सर्व डब्या-बाटल्या अंगणात मांडाव्यात.

१. ज्यांवर नाव नाही किंवा तारीख उलटली आहे, त्या वेगळ्या काढाव्यात. त्या चुलीत जाळू नयेत.

२. ॲसिड, फिनाईल, रॉकेल मूळ डब्यातच ठेवावे. ते शक्य नसेल, तर बाटलीवर लाल रंगाने फुली मारावी. वाचता न येणाऱ्यालाही फुली कळते.

३. पोटात घेण्याची औषधे एका डब्यात, घराच्या एका बाजूला. फवारणीचे सामान कुलूपबंद आणि शक्यतो घराबाहेर.

४. फवारणीच्या द्रवाला आजपासून घरात 'औषध' म्हणू नये, 'विष' म्हणावे. नातवंडांनाही तोच शब्द शिकवावा.

५. चेहऱ्याला लावायच्या वस्तू मोजाव्यात. साधा साबण, खोबरेल तेल आणि व्हॅसलिन एवढ्यावर उतारवयातील त्वचेचे बहुतेक भागते. सुगंध जितका उग्र, तितकी खाज होण्याची शक्यता अधिक.

काळजीवाहकांना एक विनंती. आई-वडिलांच्या कपाटातली डबी काढून घेताना त्यांना दटावू नका. वर्षानुवर्षांची सवय आणि थोडी नटण्याची हौस, दोन्हींचा मान राखून तिच्या जागी चांगली वस्तू आणून द्या. रिकामी झालेली जागा तशीच राहिली, तर तीच डबी पुन्हा बाजारातून येते.

अपघात घडलाच तर

डोळ्यांत काही गेले, तर वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. तूप, दूध, मध घालू नये. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेले, तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते पुन्हा अन्ननलिका आणि फुप्फुसे जाळते. मिठाचे पाणी पाजू नये. वायूचा त्रास असेल, तर आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे. नंतर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. तेथे दिवसरात्र सल्ला मिळतो. बीडचे जिल्हा रुग्णालय असो वा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जाताना ती बाटली, डबी किंवा गोळ्यांचे पाकीट अवश्य बरोबर न्यावे. विषाचे नाव कळले, तर डॉक्टरांना योग्य उपचार लगेच सुरू करता येतात. बिननावाच्या बाटलीत हा मोलाचा वेळ शोधण्यातच जातो.

संशयास्पद क्रीम किंवा औषध बाजारात विकले जात असेल, तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. आपल्या एका तक्रारीने गल्लीतील दहा घरे वाचू शकतात.

सारीच रसायने घराबाहेर घालवणे कोणालाच शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. जे घरात आहे त्याचे नाव घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे, ते मुलांच्या हाताला लागू नये, आणि ज्याचे नाव कोणालाच सांगता येत नाही ते अंगाला लावू नये. येत्या हंगामात मुले कोयत्यावर निघतील, त्याआधी अंगणातली ती दुपार मात्र उरकून घ्यावी.